श्रीखंडाच्या डब्यातली सुट्टी

जूनमध्ये शाळा उघडली की पहिले आठ दिवस आमच्या स्टाफरूममध्ये शिकवण्याचा विषय निघत नसे. कुणी बद्रीनाथ करून आलेलं असे, कुणाच्या भाच्याच्या लग्नात बँडवालाच आलेला नसे. प्रत्येकीकडे सुट्टीचा एखादा तरी किस्सा तयार असायचा. माझ्याकडे डझनभर असायचे, पण प्रत्येकात कुठे ना कुठे अळी निघायची. "मंगलताई, डबा खाऊन होऊ दे, मग सांगा," असं म्हणून सगळ्या मला गप्प करायच्या आणि डबा संपला की तासाची घंटा व्हायची. असे बरेच किस्से सांगायचे राहून गेले आणि साठत गेले. आता निवृत्त झाले आहे, घंटा होत नाही, तेव्हा ऐका.

मी कोल्हापुरात विज्ञान शिकवत होते. नव्वदच्या दशकात कधीतरी डोक्यात आलं आणि मे महिन्यात मुलामुलींसाठी फुलपाखरांचं शिबिर सुरू केलं. ते पुढे बारा वर्षं चाललं. दहा दिवस, तीस मुलं. प्रत्येकाकडे श्रीखंडाचा एक रिकामा प्लास्टिकचा डबा, झाकणाला भोकं पाडलेली, आत कढीपत्त्याची डहाळी आणि त्यावर एक अळी. सोबत एक वही. रोज एकच ओळ लिहायची, पण डोळ्यांनी बघितलेली.

खरं तर फुलपाखरं बघायला सप्टेंबर चांगला. पण सुट्टी असते मे महिन्यात. शिक्षण खातं आणि फुलपाखरं यांची कॅलेंडरं कधी जुळली नाहीत, त्यामुळे आमचं शिबिर रानापेक्षा डब्यांतच जास्त भरायचं.

पहिल्याच वर्षी पहिल्याच दिवशी मी अळी, कोष, फुलपाखरू असं सगळं फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवलं. कोष फोडून फुलपाखरू कसं बाहेर येतं, ते पुस्तकात वाचलेलं रंगवून सांगितलं. तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही किती वेळा बघितलंय?"

मागे पालक उभे होते. मी म्हणाले, "खूप वेळा."

एकदाही बघितलं नव्हतं. तेव्हाही नाही आणि पुढची कित्येक वर्षंही नाही. ते मला एकदा तरी बघायचं होतं. फार बघायचं होतं. हौस होतीच, पण ते खोटं बोलणं माझ्या घशात अडकून बसलं होतं, आणि ते खरं केल्याशिवाय खाली उतरणार नव्हतं.

*

पहिल्या वर्षीची आमची सहल कळंब्याच्या तलावाकडे गेली. तीस मुलं, हातात जाळ्या, डोक्यावर टोप्या, आणि आम्ही चाललोय वाटेतल्या तुरुंगाच्या उंच भिंतीच्या कडेकडेने. वर्दीतले एक पहारेकरी समोर आले. पोट सुटलेलं, मिशा भरघोस.

"काय शोधालाय, बाई?"

"फुलपाखरं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जाळ्यांकडे बघितलं आणि मग भिंतीकडे. "आत लई येत्यात की," ते म्हणाले. "लिंबाची झाडं हाईत आत. भितीवरनं येत्यात, भितीवरनं जात्यात. त्यांस्नी कोण अडवणार?"

मला गंमत वाटली. मी सहज म्हणाले, "मग मोजून ठेवा आमच्यासाठी."

पुढच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो तर हे गृहस्थ वाटच बघत होते. खिशातून चौपदरी घडी घातलेला कागद काढला. त्यावर पेन्सिलीने ओळीने आकडे लिहिलेले. सकाळी अकरा, संध्याकाळी सात. सकाळी चार, संध्याकाळी नऊ. पावणेदोन महिने या माणसाने इमानेइतबारे फुलपाखरं मोजली होती. मी काही बोलणार एवढ्यात तेच खाली मान घालून म्हणाले, "आकडा काय जुळंना, बाई. आमच्यात सकाळ-संध्याकाळचा आकडा जुळाय लागतो. आयुष्यात पयल्यांदा चुकालाय."

मग कागद माझ्या हातात देत म्हणाले, "खरं, बरं वाटालंय."

*

तेव्हा फुलपाखरांना मराठी नावं फारशी नव्हती. पुस्तकं इंग्रजी, नावं इंग्रजी, आणि मुलांची जीभ त्यावर अडखळायची. म्हणून मी सांगितलं, तुम्हीच नावं ठेवा. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या झाडावरचं काळं-पिवळं असतं ना, त्याचं नाव एका मिनिटात 'रिक्षा' ठरलं. आणखी एका काळ्या फुलपाखराचं नाव 'काकू' पडलं.

एका वर्षी पुण्याहून एक तज्ज्ञ पाहुणे आले होते. गळ्यात मोठा कॅमेरा, अंगात भरपूर खिशांचं जाकीट. त्यांनी एकीची वही उघडली. "रिक्षा सात, काकू एक." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी ती मुलगीच पुढे केली.

"काकू का गं?"

"ते हाय वेगळंच सर, खरं दुसऱ्या फुलपाखरागत नटून येतंय. आमची काकू बी तशीच. शेजारणीसारखी साडी, शेजारणीसारखा आंबाडा."

सर खूश झाले. हे नुसतं नटणं नाही, ते म्हणाले. ज्याची ती नक्कल करते ते फुलपाखरू विषारी असतं. पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. मग तसंच दिसणाऱ्या या फुलपाखरालाही ते सोडून देतात. अर्धा तास त्यांनी छान समजावलं, चित्रं काढली, शेवटी विचारलं, "कळलं?"

"व्हय की सर," ती म्हणाली. "त्या शेजारणीच्या बी नादाला गल्लीत कोण लागत न्हाय."

*

आता घरची मंडळी. यजमानांचं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान. मुलगी गिरिजा. आणि सासूबाई, म्हणजे अव्वा. अव्वांचं माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडे, कर्नाटकाला टेकलेलं; तिकडे बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. घरात सगळेच त्यांना अव्वा म्हणायचे, म्हणून मीही.

परसात अव्वांनी लावलेला कढीपत्ता होता. त्यावर अळ्या दिसल्या की त्या पूर्वी काडीने उचलून कुंपणाबाहेर टाकायच्या. मारायच्या नाहीत, जीव आहे म्हणून. मी शिबिर सुरू केलं तेव्हा काकुळतीला येऊन म्हटलं, अव्वा, तेवढ्या ठेवा. आठ दिवसांनी अव्वांनी नर्सरीतून दुसरं रोप आणून पहिल्याच्या शेजारी लावलं.

काही वर्षांनी दोन्ही झाडं सारखीच फोफावली. एकदा शेजारच्या बाई कढीपत्ता न्यायला आल्या आणि दुसऱ्या झाडाला हात घातला. अव्वा ओसरीवरून ओरडल्या, "त्याला नको! ते पावण्यांचं हाय. फोडणीचं अल्याड."

या पाहुण्यांचे कोष परसातल्या भिंतीवर, कुंड्यांच्या काठांवर, एकदा तर कपडे वाळत घालायच्या दोरीवर लटकलेले असायचे. फुलपाखरू बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी कोष पारदर्शक होतो, आतले पंख दिसायला लागतात. तसा कोष दिसला की मी खुर्ची टाकून बसायचे. आणि काहीतरी व्हायचंच. एकदा दूध उतू गेलं. एकदा शाळेचा शिपाई मतदार यादीची ड्युटी घेऊन दारात. एकदा पहाटे अडीचपासून बसले, साडेचारला डोळा लागला, जागी झाले तेव्हा रिकामं टरफल वाऱ्यावर हलत होतं. मी अक्षरशः रडले त्या दिवशी. एवढी मोठी बाई, पण रडले.

अव्वा चहा घेऊन आल्या. "काय झालं?"

"निघून गेलं, अव्वा. बघायचं राहिलं."

"ते व्हय? मी बघितलो की. चूल पेटवतानं दोन निघाली. काल बी एक."

मी ताठच बसले. "म्हणजे? तुम्ही नेहमी बघता?"

"पाचला उठतो मी. तवाच निघत्यात ती. आता किती बघितलो, कोण मोजतंय?"

"मग मला उठवायचं ना!"

"वर्षभर शाळा-शाळा करत पळतीस," अव्वा म्हणाल्या. "सुट्टीत तेवढीच झोपती बिचारी, म्हणून न्हाय उठवलो."

*

त्या दिवशी मी अव्वांना तिथेच बसवून सगळं विचारून घेतलं. नक्की काय होतं? त्या डोळे बारीक करून आठवत होत्या, जणू माहेरच्या कुणाची गोष्ट सांगत होत्या.

"आधी कोष जरा दचकतो. झोपंत आपुण दचकतो न्हवं, तसं. मग डोसक्याकडनं उसवतो. शिवण उसवल्यागत. आनि मग ते ओलं-ओलं बाहेर येतंय, आनि पंख बघशील तर नुसतं चुरगाळलेलं. वाटतंय, ह्येचं काय खरं न्हाय. आनि मग बघता बघता इस्त्री केल्यागत सरळ."

इतकं सुंदर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी ते शिबिरात जसंच्या तसं सांगायला लागले. कोष दचकतो, शिवण उसवते, पंखांना इस्त्री होते. मुलं श्वास रोखून ऐकायची. पालक म्हणायचे, "बाई, डोळ्यांसमोर उभं केलंत." कुणाचे शब्द आहेत ते मी कधी सांगितलं नाही. पहिलं खोटं होतंच घशात, त्यावर हे दुसरं बसलं.

*

यजमान वर्षातून चारच दिवस दुकान बंद ठेवायचे, तेही मे महिन्यात. एका वर्षी आंबोलीला जायचं ठरलं. शिबिरातल्या अकरा अळ्या सोबत, कारण त्यांना सांभाळायला घरी कुणी नव्हतं. त्यांच्यासाठी मी पिशवीभर कढीपत्ता खुडून ओट्यावर ठेवला होता. गारगोटी जवळ आली, डबे उघडले तर अळ्या उपाशी आणि पिशवी कुठेच नाही.

"ओट्यावरचा पाला?" अव्वा म्हणाल्या. "त्यो चिवड्यात घातलो की. वाटंत खायला."

गारगोटीत रस्त्याकडेच्या एका घराच्या अंगणात लिंबाचं झाड दिसलं. लिंबाचा पालाही अळ्यांना चालतो. जीप थांबवली. अव्वा इरकल नेसलेल्या, मी सिल्कमध्ये, यजमान इस्त्रीच्या शर्टात, गिरिजाच्या वेणीत गजरा. दार वाजवायच्या आतच उघडलं.

"या, या पावणं! उशीर झाला का वाटंत?"

माणसं अगत्याची, म्हणून आम्ही बसलो. पाणी आलं. पोहे आले. लिंबाच्या पाल्याचं कसं काढावं, हे मला कळेना. मग आतून एक मुलगी मान खाली घालून चहाचा ट्रे घेऊन आली. यजमानांनी तीन बहिणींची लग्नं जमवलेली, त्यांना सगळ्यांत आधी समजलं. पोह्यांचा घास त्यांच्या हातातच राहिला.

मुलीचे वडील म्हणाले, "मुलगा सोबत न्हाय आणला? काय करतो?"

नऊ वर्षांच्या गिरिजाने मांडीवरचा डबा उघडून पुढे केला. "आणलाय की. सध्या नुसता खातो. मग झोपेल. मग उडेल."

मुलीच्या वडिलांनी डब्यात वाकून बघितलं. सगळ्यांत आधी ती मुलगीच हसली. ट्रेमधले कप वाजायला लागले. मग तिची आई हसली, मग अव्वा. वडिलांना मात्र सगळं समजावून सांगावं लागलं. खरे पाहुणे यायला अजून अर्धा तास होता. आम्हाला कुणी उठू दिलं नाही. अव्वांची आणि माझी ओटी भरली, पिशवीभर पाला दिला.

पाला खुडताना ती मुलगी माझ्या शेजारी उभी होती. डब्यात वाकून म्हणाली, "ताई, ह्योच बरा हाय. भाकरी येती का इचारत न्हाय."

*

जोतिबाचं दर्शन आमच्या घरी सुट्टी संपताना असे. चैत्रातली यात्रा होऊन महिना उलटलेला, पण दगडांच्या सांध्यांतून गुलाल तसाच बसलेला असायचा. एका वर्षी वळीव पडून गेला होता. दुपार उतरलेली, पायऱ्या ओल्या, आणि त्या ओलीवर पन्नास-साठ फिकट फुलपाखरं पंख मिटून पाणी पीत बसलेली. आम्ही पायऱ्यांवरच थांबलो. इतकं शांत होतं, की मागच्या दुकानात नारळ फोडल्याचा खटकन आवाज आला तरी दचकायला व्हायचं. वाऱ्याची झुळूक आली आणि ती सगळी एकदम उठली, आणि त्यांतली एक-दोन चक्क गुलाबी होती.

गिरिजाने लगेच वही काढली. "गुलाबी. नवीन जात."

मी म्हटलं, "अगं, गुलाल लागलाय तो."

"तूच म्हणतेस ना, बघितलं तेच लिहायचं?"

ती ओळ अजूनही त्या वहीत आहे आणि मी ती कधी खोडू दिली नाही.

यजमानांना या सगळ्याचं कधीच वेड नव्हतं. त्यांनी जन्मभर फक्त पोत्यातले किडे आणि पतंग बघितलेले. पण त्या दिवशी ते पायरीवर बसले ते तासभर उठलेच नाहीत. ऊन हळूहळू त्यांच्या गुडघ्यांवरून खाली उतरून गेलं. मी म्हटलं, "चला ना, उशीर होईल." ते फुलपाखरांकडे बघतच म्हणाले, "असलं आमच्या ज्वारीत कधी निघालं न्हाय गं."

*

शेवटचं शिबिर आमच्या परसातच भरलं, कारण शाळेची डागडुजी चालली होती. अव्वा एका कडेला खाटेवर कुरडया वाळत घालून राखण करत बसल्या होत्या. नवव्या दिवशी सकाळी सातला मुलं आली तेव्हा बरणीतला एक कोष पारदर्शक झालेला होता. आत काळे-पिवळे पंख स्पष्ट दिसत होते. सकाळ होऊनही तो अजून थांबला होता.

मी मुलांना चटईवर बसवलं. मधे बरणी ठेवली. आमचा नियम कडक होता आणि आठ दिवस मी तो घोकून घेतलेला होता: कोष फुटायला लागला की कुणीही बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, कुणाला हाक मारायची नाही.

मग मी नेहमीसारखं सुरू केलं. "आधी कोष जरा दचकतो, झोपेत आपण दचकतो ना, तसा..."

अव्वांनी कुरडईवरचा हात थांबवला. आपलेच शब्द त्या ऐकत होत्या.

तेजश्री नावाची एक मुलगी होती, सहावीतली. तिने विचारलं, "बाई, तुम्ही किती वेळा बघितलंय?"

मी अव्वांकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. बारा वर्षं घशात अडकलेलं ते आता पुढेही जाईना आणि मागेही.

"एकदाही नाही," मी म्हणाले.

तेजश्री म्हणाली, "मग तुम्हांला कसं म्हाईत?"

"अव्वांनी सांगितलं. हे सगळे शब्द त्यांचे आहेत."

तीस माना अव्वांकडे वळल्या. अव्वा उठल्या, हात पदराला पुसले आणि माझ्याजवळ आल्या. "मग उभारून काय करालीस?" त्या म्हणाल्या. "बस की हितं, पोरांत."

मी बसले. पहिल्या रांगेत, तेजश्रीच्या शेजारी. अव्वा माझ्या मागे. बरणी माझ्यापासून हातभर अंतरावर. आणि कोष दचकला. अगदी त्यांनी सांगितला होता तसा. झोपेत माणूस दचकतो तसा.

माझ्या डोळ्यांना धार लागली. किती आवरलं तरी थांबेना.

अव्वा खाली वाकल्या. "रडालीस व्हय गं? असं कसं दिसंल?" आणि त्यांनी माझा चष्मा काढला. माझा नंबर तेव्हा उणे साडेसहा. चष्म्याशिवाय मला मुलं कुठली आणि कुरडया कुठल्या, हेही कळत नसे. अव्वांनी पदराने माझे डोळे पुसले, नीट, कोपऱ्यापर्यंत. मग चष्म्यावर 'हाऽ' करून वाफ सोडली. एक काच पुसली. दुसरी पुसली. उजेडाकडे धरून बघितली. एक डाग राहिला होता, तो पुन्हा पुसला. आसपास तीस मुलांचा श्वास एकदम आत गेल्याचा आवाज झाला. कुणी हाक मारली नाही. नियमच होता तसा.

मग अव्वांनी चष्मा माझ्या नाकावर हलकेच बसवला.

रिकाम्या टरफलाला धरून फुलपाखरू लटकलं होतं. ओलं, चुरगाळलेलं.

"आता दिसलं न्हवं नीट?" अव्वांनी विचारलं.

"दिसलं, अव्वा."

मुलं माझ्याकडे बघत होती. एकानेही तोंड उघडलं नाही. तासाभराने पंख सरळ झाले आणि ते कुंपणावरून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी शिबिर संपलं, वह्या गोळा केल्या. दुपारी सगळी जेवून पडली होती, तेव्हा ओसरीवर बसून मी तेजश्रीची वही उघडली. नवव्या दिवशीची ओळ वाचली. मग दुसरी वही उघडली. मग तिसरी. तीसच्या तीस वह्यांत, तीस वेगवेगळ्या अक्षरांत, तीच एक ओळ होती:

"आज बाईंनी फुलपाखरू बाहेर येताना बघितलं."